पाणकाठचा कॅमेरा आणि उतारवय

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. कोकणचा किनारा पाहायचा, तर सह्याद्री ओलांडून रात्रभराचा प्रवास करावा लागतो. परंतु पाणी आणि जमीन जिथे भेटतात ती जागा म्हणजे किनारा, एवढा साधा अर्थ घेतला, तर आपणही किनाऱ्यावाचून राहिलेलो नाही. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहते. बीड शहराजवळ बिंदुसरेचा तलाव आहे, केज तालुक्यात धनेगावला मांजरेचा जलाशय आहे आणि सिंदफणेवर माजलगावचे विस्तीर्ण धरण आहे. पैठणहून निघालेला जायकवाडीचा उजवा कालवा 132 किलोमीटरचा प्रवास करून याच माजलगावच्या जलाशयाला येऊन मिळतो.

या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य असे, की तो स्थिर नसतो. पावसाळा संपताना पाणी बाभळींच्या बुंध्याशी टेकलेले असते. कार्तिक सरला की ते हळूहळू मागे हटू लागते. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात आणि त्यापुढच्या ओल्या पट्ट्यात पक्षी उतरतात. लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखलात चोच खुपसत फिरतात, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे पाण्यावर तरंगतात, आणि हिमालयापलीकडून आलेले केशरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने काठावर उभे असतात. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मच्छीमार जाळी ओढू लागतात, तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असतो.

या काठावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्या एका गृहस्थांविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. त्यांचे वय 74. जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवून ते निवृत्त झाले. त्यांच्या संमतीने हे लिहितो आहे, नाव मात्र देत नाही. गाव त्यांना गुरुजी म्हणते, आपणही तसेच म्हणू. त्यांच्याविषयी लिहिण्याचे कारण केवळ कौतुक नाही. त्यांच्या बाबतीत माझ्याकडून एक चुकीचा सल्ला दिला गेला होता, आणि तोच सल्ला आज अनेक घरांतून आपल्या वडीलधाऱ्यांना प्रेमापोटी दिला जातो.

एक पहाट आणि एक बंदी

पत्नी गेल्यानंतर गुरुजी घरात गप्प बसून असत. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने आपला जुना कॅमेरा त्यांच्या हाती दिला. सुरुवात अंगणातल्या चिमण्यांपासून झाली आणि वर्षभरात ती तळ्याच्या काठापर्यंत पोचली. रोज पहाटे स्कूटरवर तीन किलोमीटर जायचे, बाभळीच्या आडोशाला बसायचे, खंड्याने पाण्यात सूर मारण्याची वाट पाहायची. शंभरदा प्रयत्न केल्यावर एकदा चित्र साधायचे. कधी मुंगूस समोरून जायचे, कधी पाणकावळा पंख पसरून ओंडक्यावर वाळत बसायचा. घरी आल्यावर नातवासोबत पक्ष्यांची नावे शोधणे आणि वहीत तारीखवार नोंद करणे हा दुपारचा उद्योग होऊन बसला.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका सकाळी दोन मच्छीमार बांधव त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. कपडे चिखलाने माखलेले, अंग घामाने भिजलेले, उजवे मनगट सुजलेले. घडले ते असे. गुरुजींनी सहा वाजता मधुमेहाची गोळी बिनसाखरेच्या चहासोबत घेतली आणि काही न खाताच ते निघाले. पाणी बरेच मागे गेले होते, त्यामुळे रोजच्यापेक्षा दुप्पट चालणे झाले. चक्रवाकांच्या एका जोडीसाठी ते वीस मिनिटे उकिडवे बसून राहिले. उठताना हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते गाळात कोसळले. मच्छीमारांनी पाहिले, ते शुद्धीवर आहेत याची खात्री करून आपल्याजवळचा गोड चहा आणि बिस्किटे दिली. त्या माणसांच्या समयसूचकतेने मोठा अनर्थ टळला. माझ्याकडे आल्यावरही रक्तातील साखर 68 होती. हाड मोडले नव्हते, मनगट मुरगळले होते.

मी उपचार केले आणि त्यांच्या थोरल्या मुलाला गुरुजींदेखत म्हणालो, "आता यांना तळ्यावर सोडू नका."

मुलगा आधीच घाबरलेला होता. स्कूटरची चावी कपाटात गेली. कॅमेरा पिशवीत गेला. गुरुजी काहीच बोलले नाहीत. शिक्षकाने आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेली असते, आता आपली पाळी, असे त्यांना वाटले असावे.

मार्चमध्ये त्यांच्या सूनबाई त्यांना घेऊन आल्या. चार महिन्यांत वजन वाढले होते, साखरेची तीन महिन्यांची सरासरी वाढली होती, रक्तदाबाची गोळी पुरी पडत नव्हती. रात्री झोप नाही, दिवसा पेंग. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला होता. सूनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मामा पडले होते तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती. आता दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. वही उघडतसुद्धा नाहीत."

मी जुने केसपेपर काढून समोर ठेवले. त्या डिसेंबरच्या सकाळचे कारण तिथेच लिहिलेले होते : रिकामे पोट, गोळी, जास्तीचे चालणे. या तीन गोष्टी दुरुस्त करता आल्या असत्या. मी त्या दुरुस्त करण्याऐवजी तळे बंद केले होते. धोका किनाऱ्यात कमी आणि तयारीच्या अभावात अधिक होता, हे मला उशिरा उमगले.

घरी बसवण्याची किंमत

वाचकहो, वृद्ध माणूस पडला की घरच्यांना धडकी भरते, आणि ती रास्तच आहे. जगभरात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक रस्ते अपघातांच्या खालोखाल लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण मोठे आहे. परंतु माणूस पडू नये म्हणून त्याला बसवून ठेवले, तर पडण्याची शक्यता घटत नाही, उलट वाढते. उतारवयात स्नायू फार लवकर झिजतात. दहा दिवस अंथरुणावर काढले, तरी निरोगी वृद्धाच्या मांड्यांची ताकद जाणवण्याइतकी कमी होते, आणि ती परत मिळवायला कितीतरी अधिक काळ लागतो. मांड्या दुबळ्या झाल्या की तोल जातो, तोल जाईल या भीतीने माणूस आणखी बसतो, आणि हे चक्र फिरत राहते. बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडणारे बहुतेक रुग्ण कोणत्याही साहसाला निघालेले नसतात.

या उलट, किनाऱ्यावरच्या छायाचित्रकाराचे शरीर नकळत काय काय करते ते पाहा. तो सपाट नसलेल्या जमिनीवर बेताने पावले टाकतो, हा तोलाचा व्यायाम आहे. तो बसतो आणि उठतो, हा मांड्यांचा व्यायाम आहे. तो श्वास रोखून हात स्थिर ठेवतो, मान वळवतो, दूरवर आणि जवळ आळीपाळीने पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या शिफारशीप्रमाणे 65 वर्षांवरील व्यक्तीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत. नुसते "फिरा" म्हटले की आठ दिवसांत कंटाळा येतो. पक्ष्यामागे जाणारा माणूस मात्र मिनिटे मोजत नाही.

सकाळच्या उजेडाचाही लाभ आहे, मात्र तो नीट समजून घ्यावा. कोवळ्या उन्हाने 'ड' जीवनसत्त्व भरपूर मिळते, ही समजूत फारशी बरोबर नाही. त्यासाठी लागणारे किरण अगदी पहाटे कमी असतात. तेव्हा डॉक्टरांनी 'ड' जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल, तर ती फिरायला जातो म्हणून बंद करू नये. परंतु सकाळचा मोकळा प्रकाश डोळ्यांत गेला, की शरीरातले दिवसरात्रीचे घड्याळ जागेवर राहते आणि रात्री झोप वेळेवर लागते. गुरुजींची हरवलेली झोप परत आणण्यात त्या प्रकाशाचा वाटा होता, असे माझे मत आहे.

कॅमेऱ्याने दाखवलेला मोतीबिंदू

पुन्हा जाऊ लागल्यावर काही महिन्यांनी गुरुजी तक्रार घेऊन आले, ती मात्र स्वतःविषयी नव्हती. "डॉक्टरसाहेब, कॅमेऱ्याची काच बिघडली. सगळे पक्षी धुक्यात असल्यासारखे दिसतात." त्यांनी मला फोटो दाखवले. शेकाट्याच्या डोळ्यातली लाल कडसुद्धा स्पष्ट होती. नातूही तेच सांगत होता, पण त्याचे कोण ऐकणार? मी त्यांना उजवा डोळा झाकून आणि नंतर डावा डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावले. ज्या डोळ्याने ते कॅमेऱ्यात पाहत, त्याच डोळ्यात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर कॅमेरा आपोआप दुरुस्त झाला.

यातून आपल्या सर्वांसाठी एक धडा आहे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचे अपयश झाकून टाकतो. म्हणून आपणही महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून दारची चौकट किंवा विजेचा खांब पाहावा. अंधुक दिसले, प्रकाशाभोवती वलय दिसले, तर तपासणी करावी. सरळ रेघ वाकडी किंवा मध्येच पुसल्यासारखी दिसली, तर दोन दिवसही थांबू नये, कारण तो डोळ्याच्या पडद्याचा आजार असू शकतो. आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणभरात पडदा भाजून कायमचे नुकसान होते.

कानांचेही तसेच. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. टिटवीची हाक ऐकू येते, पण धोबी पक्ष्याची नाजूक चिवचिव शेजारच्याला ऐकू येते आणि आपल्याला येत नाही, असे झाले तर कान तपासून घ्यावेत. ऐकू न येण्याकडे दुर्लक्ष केल्यास माणूस गप्पांतून बाहेर पडतो, आणि विस्मरणाच्या आजाराचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाची गणना होते.

निघण्यापूर्वी : गोळ्या आणि पोट

गुरुजींसाठी आम्ही जी व्यवस्था बसवली, ती आपल्यापैकी अनेकांना उपयोगी पडेल. आपली औषधे वेगळी असतील, म्हणून कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी चालायला जाऊ नये. गुरुजी आता निघताना अर्धी भाकरी आणि दूध घेतात, आणि त्यांची गोळी परतल्यावरच्या न्याहारीसोबत ठरवून दिली आहे. खिशात साखरेची पुडी असते. दरदरून घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. तसे वाटताच खाली बसावे आणि तीन चहाचे चमचे साखर खावी किंवा पाण्यात विरघळवून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी, आणि नंतर पोटभर काही खावे. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र त्याच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी औषधे यांमुळे एकदम उभे राहताना रक्तदाब घसरतो. पक्षी टिपण्यासाठी बराच वेळ बसलेल्या माणसाला याचा त्रास हमखास होतो. म्हणून उकिडवे बसण्याऐवजी घडीचे स्टूल न्यावे. उठण्यापूर्वी पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवावीत, मग आधार घेऊन सावकाश उभे राहावे, आणि उभे राहिल्यावर दहा आकडे मोजूनच पहिले पाऊल टाकावे. पक्षी उडून गेला तर जाऊ द्यावा.

छातीत दाब, चालताना धाप, नुकताच येऊन गेलेला ताप किंवा जुलाब, रात्रभर न लागलेली झोप, यांपैकी काही असेल, तर त्या दिवशी काठावर जाऊ नये. छातीतला दाब किंवा धाप असेल, तर नुसती विश्रांती घेत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पायाखालची जमीन

आपल्या काळ्या मातीचा गाळ फसवा असतो. वरून तडे गेलेला, सुकलेला दिसतो आणि आत गुडघाभर ओला असतो. गुराढोरांच्या आणि माणसांच्या वहिवाटेची पायवाट सोडू नये. चप्पल नको. घोटा झाकणारे, तळव्याला खाचा असलेले बूट घालावेत. मधुमेही माणसाच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, तेव्हा बाभळीचा काटा किंवा शिंपल्याची धार लागलेली कळत नाही. घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत. तळवा दिसत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरू नये.

काठी नेण्यात कमीपणा नाही. कॅमेऱ्याचा एकपायी दांडा काठी म्हणून वापरू नये, तो भार पडल्यावर घसरतो. मोठ्या लेन्ससह कॅमेऱ्याचे वजन दोन-अडीच किलोपर्यंत जाते. ते गळ्यात लटकवले की मान आणि खांदा धरतो, तोलही पुढे जातो. पाठीवरची पिशवी बरी, आणि साठीनंतर हलका कॅमेरा त्याहून बरा. गुरुजींनी यंदा मोठी लेन्स मुलाला परत दिली. "चित्र थोडे लहान येते, पण मी जास्त वेळ बसू शकतो," असे ते म्हणतात.

थंडीत रक्तदाब वाढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत कानटोपी घालून, उजाडल्यावरच निघावे. मार्चनंतर नऊच्या आत घरी परतावे. उतारवयात तहान कमी लागते, तेव्हा तहानेची वाट न पाहता अधूनमधून घोट घ्यावेत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितले असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. उन्हात चक्कर, डोकेदुखी, मळमळ झाली तर सावलीत यावे. अंग तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी मारत, वारा घालत त्याला रुग्णालयात न्यावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार विषारी साप. गवतातून चालताना काठी आपटत चालावे, दगडावर किंवा ओंडक्यावर बसण्याआधी नीट पाहावे. दंश झालाच, तर दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अंगठी, कडे, घड्याळ काढावे, दंश झालेला अवयव न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिविष हाच उपाय आहे.

धरणाची भिंत आणि दरवाजे यांपासून दूर राहावे, आणि पाणी सोडण्याची सूचना असेल त्या दिवशी नदीपात्रात उतरूच नये.

घरच्यांनी काय करावे

मुलांनो, सुनांनो, लेकींनो, हा भाग आपल्यासाठी. आपली भीती खरी आहे, पण बंदी घालण्यापूर्वी एकदा आपण स्वतः त्यांच्यासोबत काठावर जाऊन या. वाट कशी आहे, ते कुठे बसतात, फोनला रेंज येते का, जवळ कोण असते, हे डोळ्यांनी पाहा. गुरुजींच्या थोरल्या मुलाने तेच केले. त्यांनी तीन अटी घातल्या आणि गुरुजींनी त्या मान्य केल्या. एक, ठरलेल्या बाभळीच्या पुढे एकट्याने जायचे नाही. दोन, पोचल्यावर आणि निघताना फोन करायचा. तीन, साडेनऊपर्यंत घरी आले नाहीत, तर कोणीतरी शोधायला निघणार, यावर रागवायचे नाही. स्कूटर मात्र सुटली. आता शेजारचे एक निवृत्त पोस्टमन त्यांना आपल्या गाडीवर नेतात, आणि दुर्बीण त्यांच्याकडे असते. दोघांमुळे दोघांची काळजी मिटली आहे.

खिशात एक चिठ्ठी असू द्या : नाव, रक्तगट, आजार, चालू गोळ्या आणि घरचे दोन क्रमांक. मच्छीमार, गुराखी, गाळपेर करणारे शेतकरी यांच्याशी ओळख करून घ्या. त्या डिसेंबरात गुरुजींना जे मिळाले, ते ओळखीमुळेच मिळाले. रोज रामराम होत असल्यानेच त्या दोघांचे लक्ष तिकडे गेले. घरात बोलायला, मदतीला कोणी नसेल, तर ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

विस्मरणाचा आजार असलेल्या आई-वडिलांना मात्र पाण्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. त्यांच्यासोबत जावे, हात धरून जावे, आणि घरी परतल्यावर काढलेली चित्रे मोठी करून दाखवावीत. सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी आजी, लहानपणी नदीवर पाहिलेल्या बगळ्यांविषयी अर्धा तास बोलते, हे मी पाहिले आहे.

ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी किनारा दारात आणता येतो. खिडकीसमोर मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे, रोज धुऊन पाणी बदलावे. चिमणी, बुलबुल, साळुंकी येतात. खुर्ची खिडकीशी ओढावी, हाती साधा मोबाइल द्यावा आणि दिवसाकाठी एक चित्र काढायला सांगावे. वहीत तारीख आणि पक्ष्याचे नाव लिहायला लावावे. ज्या माणसाकडे उद्या पाहण्यासारखे काही आहे, तो आज औषध घ्यायला विसरत नाही.

पक्ष्यांचेही पथ्य

आपल्या आरोग्यासाठी जाताना दुसऱ्याचे घर मोडू नये. टिटवी आणि नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, की आपण तिच्या घरट्याजवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे. ती उठून गेली, तर मार्चच्या उन्हात अंडी भाजून निघतात. घरट्यांची चित्रे काढू नयेत, थवे उडवून चित्र साधू नये. लांब, एका जागी, शांत बसणाऱ्याकडे पक्षी स्वतःहून येतात, आणि उतारवयाला मानवणारी रीतही तीच आहे.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 रोजी सोलापूरचा. वनखात्यातून निवृत्त झाल्यानंतरही त्यांनी पक्ष्यांचे, प्राण्यांचे कोश सिद्ध केले, आणि 2025 साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, पद्मश्री स्वीकारून काही आठवड्यांनी त्यांनी जगाचा निरोप घेतला. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची जयंती 12 नोव्हेंबरला येते. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आपल्याकडे तोवर ऊन सौम्य झालेले असते, जलाशय बहुधा भरलेले असतात आणि पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन पहिल्यांदा काठावर जाण्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. माजलगाव दूर असेल तर बिंदुसरा आहे, धनेगाव आहे. पाटोदा तालुक्यातील मंडळींना नायगावचे मयूर अभयारण्य जवळ आहे. आणि प्रत्येक गावाला एखादे पाझर तळे असतेच.

गुरुजी आता आठवड्यातून चार दिवस जातात. साखर आटोक्यात आहे, रक्तदाबाची गोळी पूर्वीएवढीच आहे. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत नाहीत. दर महिन्याला तपासणीला येताना ते एक छायाचित्र माझ्या टेबलावर ठेवतात आणि मागे तारीख लिहितात. त्यांच्या केसपेपरवर मी पूर्वी लिहिलेले "विश्रांती" हे शब्द खोडून आता लिहिले आहे : "काठावर जावे. खाऊन जावे. सोबत जावे." आपल्या घरच्या ज्येष्ठांसाठीही माझे हेच सांगणे आहे.